कुंपण बावन्न साखळ्या, रान चार एकर

सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र असते, आकार नसतो. धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गच्या शिवारात कुणाचे चार एकर रान असले, तर उताऱ्यावर साधारण १ हेक्टर ६२ आर एवढेच वाचायला मिळते. ते रान चौकोनी आहे, लांबट आहे की रस्त्याच्या कडेने गेलेली नुसती पट्टी आहे, हे कळायला गटाचा नकाशा काढावा लागतो.

समजा, नकाशा हाताशी नाही. रान मात्र काटकोनात आखलेले, समोरासमोरच्या बाजू सारख्या. रानडुकरांनी सोयाबीनचा फडशा पाडला म्हणून मालकाने भोवती तारेचे कुंपण घातले आहे आणि एका फेऱ्याला किती तार लागली याची नोंद त्याच्याकडे आहे: १,७१६ फूट. एवढ्यावरून रानाची लांबी आणि रुंदी काढता येईल का?

येते, आणि सातवी-आठवीच्या गणिताने येते. मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे आपले चार एकर रान १६० गुंठ्यांचे आणि कुंपण ५२ साखळ्यांचे. कुंपणात लांबी दोनदा येते, रुंदी दोनदा येते. तेव्हा एक लांबी आणि एक रुंदी मिळून २६ साखळ्या. लांबी-रुंदीचा गुणाकार १६०. दोन संख्या अज्ञात आहेत, त्यांची बेरीज आणि गुणाकार मात्र ज्ञात आहे.

शाळेत शिकलेला माणूस इथे लगेच १६० चे अवयव पाडू लागतो. १ आणि १६०, २ आणि ८०, ४ आणि ४०, ५ आणि ३२, ८ आणि २०, १० आणि १६. शेवटच्या जोडीची बेरीज २६, झाले काम. पण हे जमले ते आकडे सोयीचे होते म्हणून. कुंपण एका साखळीने कमी, म्हणजे ५१ साखळ्यांचे असते, तर बेरीज साडेपंचवीस झाली असती आणि अवयवांची सगळी यादी पालथी घातली तरी जोडी सापडली नसती. उत्तर आहे, १४.३५ आणि ११.१५ च्या आसपास; ते अंदाजाच्या टप्प्यात येत नाही इतकेच.

मग अंदाज न करता कसे काढायचे? मध्यापासून सुरुवात करायची. दोन बाजू मिळून २६. दोन्ही सारख्या असत्या तर प्रत्येकी १३ साखळ्या, आणि रान १६९ गुंठ्यांचे झाले असते. प्रत्यक्षात ते १६० गुंठ्यांचे आहे. नऊ गुंठे कमी पडतात. ही तूट येते कुठून? बाजू सारख्या नाहीत म्हणून. एक बाजू तेरापेक्षा जितकी मोठी, तितकीच दुसरी लहान, कारण बेरीज २६ च्या बाहेर जाऊ शकत नाही. आणि तूट नेमकी त्या फरकाच्या वर्गाइतकी असते. नऊचे वर्गमूळ तीन. म्हणून १३ अधिक ३ आणि १३ उणे ३. लांबी १६ साखळ्या, रुंदी १०.

तूट फरकाच्या वर्गाइतकीच का, हे कागद आणि कात्री घेऊन पाहण्यासारखे आहे. तेरा बाय तेराचा चौरस कापावा. त्याच्या एका कडेची तीन रुंदीची पट्टी काढून ती शेजारच्या कडेला जोडावी. पट्टी तेरा लांब आहे, पण जिथे ती जोडायची ती कड आता दहाच उरली आहे. पट्टीचा तीन बाय तीनचा तुकडा बाहेर लोंबकळतो. तो कापून टाकला की उरतो तो सोळा बाय दहाचा आयत. कापून टाकलेला तुकडा म्हणजेच ते नऊ गुंठे. सूत्र पाठ करण्यापेक्षा हा तुकडा एकदा डोळ्यांनी पाहिलेला बरा, कारण मग सूत्र विसरले तरी पुन्हा उभे करता येते.

या रीतीची खरी करामत अशी, की दोन अज्ञातांच्या जागी एकच अज्ञात उरतो: मध्यापासूनचे अंतर. बेरजेने मध्य दिला, गुणाकाराने अंतर दिले.

याच रीतीने नळदुर्गच्या किल्ल्याकडेही बघता येते. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरवर, बोरी नदीच्या वळणात हा किल्ला बसला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा (कारकीर्द १५८० ते १६२७) याच्या काळात नदीवर बांध घालून नळदुर्ग आणि समोरचे रणमंडळ जोडले गेले; त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पावसाळ्यात अंगावरून नर-मादी धबधबे कोसळतात. किल्ल्याचे नेहमी सांगितले जाणारे आकडे असे: ११४ बुरूज, सुमारे तीन किलोमीटरचा तट, आत १२६ एकर जागा. तटाची लांबी म्हणजे कुंपण, एकर म्हणजे क्षेत्र. किल्ला आयताकृती असता तर? तटाच्या निम्मे दीड हजार मीटर, त्याचे निम्मे साडेसातशे. साडेसातशेचा वर्ग ५,६२,५००. १२६ एकर म्हणजे जवळपास ५,१०,००० चौरस मीटर. तूट ५२,५००, तिचे वर्गमूळ सुमारे २२९. म्हणजे ९७९ मीटर लांब आणि ५२१ मीटर रुंद. किल्ला अर्थातच आयत नाही. तट टेकाडाच्या कडेने नागमोडी गेला आहे. तरी गणित सुटले ही गोष्ट बिनकामाची नाही. तटाची लांबी तीन किलोमीटर आणि आत दोनशे एकर जागा असे कुणी सांगितले असते, तर उत्तर निघालेच नसते. तीन किलोमीटरच्या फेऱ्यात चौकोनी आकाराची सर्वांत जास्त जागा १३९ एकर मावते आणि पूर्ण गोल आकाराची १७७ च्या आसपास. दोनशे एकर म्हणणारा पर्यटकांना थाप मारतो आहे, एवढे घरबसल्या सांगता येते.

फेऱ्यावरून क्षेत्र ठरवण्याची चूक माणसाने फार जुन्या काळापासून केली आहे. युक्लिडवर भाष्य लिहिणाऱ्या प्रोक्लसने, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, जमिनीच्या वाटणीतली एक लबाडी नोंदवून ठेवली आहे: जास्त परिघाचा तुकडा दुसऱ्याला देऊन कमी परिघाचा पण जास्त क्षेत्राचा तुकडा स्वतःकडे ठेवायचा, वर उदार म्हणवून घ्यायचे. आपल्या बावन्न साखळ्यांच्या कुंपणात तेरा बाय तेराचे १६९ गुंठेही बसतात आणि पंचवीस बाय एकचे २५ गुंठेही. तार दोघांनाही सारखीच लागते. भाऊबंदकीच्या वाटणीत बांधावरून चालत जाऊन ‘तुझे-माझे सारखेच’ म्हणणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहावे.

नळदुर्ग परिसराला मोजणी नवी नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी कारभारी म्हणून इथे आला आणि काही वर्षे नळदुर्गात राहिला. जमिनीची मोजणी हे त्याच्या कामांपैकी एक होते. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

आता जरा लांब जायचे, आजच्या इराकमध्ये. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची एक मातीची वीट येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तिच्यावर खणाईची गणिते आहेत. त्यातले एक गणित असे: एक चर खणायचा आहे. लांबी आणि रुंदी मिळून साडेसहा निंदन. निंदन हे त्यांचे माप, जवळपास सहा मीटरचे. खोली अर्धा निंदन. एका मजुराने दिवसात किती माती काढायची ते ठरलेले, त्याची रोजची मजुरी सहा दाणे चांदी, आणि सगळ्या कामाचा खर्च नऊ शेकेल. एका शेकेलचे १८० दाणे. लांबी आणि रुंदी काढा.

रोजगार हमीच्या कामावर मस्टर आणि माप पाहिलेल्या माणसाला हे गणित ओळखीचे वाटेल. नऊ शेकेल म्हणजे १,६२० दाणे. सहाने भागले की २७० मजूर-दिवस. त्यावरून एकूण माती, तिला खोलीने भागून चराच्या तोंडाचे क्षेत्र: साडेसात. आता बेरीज साडेसहा, गुणाकार साडेसात. पुढची कृती लेखनिकाने पायरीपायरीने लिहिली आहे आणि ती आपल्या कुंपणाच्या कृतीहून वेगळी नाही. साडेसहाचे निम्मे सव्वातीन. त्याचा वर्ग १०.५६२५. त्यातून साडेसात वजा केले, ३.०६२५ उरले. वर्गमूळ पावणेदोन. सव्वातीनमध्ये मिळवले की पाच, वजा केले की दीड. चर पाच निंदन लांब, दीड निंदन रुंद. आपल्या मापात सुमारे तीस मीटर बाय नऊ मीटर, खोली तीन मीटर. महाराष्ट्रात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत जी तळी खणली गेली त्यांत तीस बाय तीस बाय तीन मीटर हे सर्वांत मोठे माप होते. खोली तीच. शेततळ्याच्या कडा उतरत्या असतात म्हणून मातीचा हिशेब थोडा अवघड होतो, इतकाच फरक.

ग्रीकांकडे डायोफँटसने हाच प्रश्न खणाई-मजुरी सगळी काढून टाकून कोरडा मांडला: बेरीज २०, गुणाकार ९६. उत्तर १२ आणि ८.

भारतात आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये याचे जुळे भावंड दिले आहे. त्याच्याकडे बेरजेऐवजी वजाबाकी ज्ञात आहे. गुणाकाराची चौपट करायची, त्यात वजाबाकीचा वर्ग मिळवायचा, वर्गमूळ घ्यायचे. ती झाली बेरीज. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हातात आल्यावर एकदा मिळवून निम्मे, एकदा वजा करून निम्मे. या शेवटच्या पायरीला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संक्रमण म्हणतात आणि उदाहरणाला बेरीज १०१, वजाबाकी २५ दिली आहे, उत्तर ६३ आणि ३८. पुढे काटकोन त्रिकोणाच्या प्रकरणात त्यांनी बेरीज-गुणाकाराचा प्रश्न वेषांतर करून आणला आहे. कर्ण १७, उरलेल्या दोन बाजू मिळून २३. बाजू कोणत्या? कर्णाच्या वर्गाची दुप्पट ५७८, तेवीसचा वर्ग ५२९, फरक ४९, वर्गमूळ ७. तेवीस अधिक सात, निम्मे पंधरा; तेवीस उणे सात, निम्मे आठ. गुणाकार प्रश्नात कुठेच सांगितलेला नाही, पण तो त्यात दडलेला आहेच: १२०.

भास्कराचार्य इ. स. १११४ मध्ये जन्मले. आपले गाव त्यांनी सह्याद्रीच्या परिसरात सांगितले आहे. ते गाव म्हणजे विजापूर असे काही अभ्यासकांचे मत, तर काहींचे मत चाळीसगावजवळच्या पाटणच्या बाजूने. पाटणला डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापल्याचे तो सांगतो. लेखाचा शेवटचा, दानाचा भाग जुन्या मराठीत आहे.

मराठवाड्यानेही ही परंपरा नुसती लांबून पाहिली नाही. गोदाकाठच्या पार्थपुरात, शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या मते आजच्या पाथरीत, ज्ञानराजाने १५०३ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ लिहिला आणि त्याचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या बीजगणितावर, १५४१ मध्ये लीलावतीवर टीका लिहिल्या. त्याहून जुना आणि नळदुर्गला जवळचा माणूस म्हणजे महावीराचार्य. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, त्याने ‘गणितसारसंग्रह’ रचला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गीच्या पुढचे मळखेड. नळदुर्गकर कलबुर्गीला सोयरिकीला जातो, बाजाराला जातो. मळखेड त्याला परके नाही.

महावीराचार्याची एक ओळख गणिताच्या इतिहासात पक्की आहे आणि ती आपल्या कुंपणाशी थेट जोडलेली आहे. समजा, कुंपण ५२ साखळ्यांचेच, पण कुणी म्हणाले, आत १८० गुंठे रान आहे. मध्य तेरा, वर्ग १६९, त्यातून १८० वजा करायचे. उरतात उणे ११. आता वर्गमूळ कसले घ्यायचे? महावीराचार्याने स्पष्ट लिहून ठेवले, की ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नसतो, म्हणून तिला वर्गमूळ नाही. भास्कराचार्यांनीही तेच सांगितले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय अगदी बरोबर आहे: असे रान या पृथ्वीवर नाही, उताऱ्यात तरी चूक आहे किंवा तारेच्या हिशेबात.

इटलीत मात्र एका माणसाने हे दार ढकलून पाहिले. १५४५ मध्ये छापलेल्या ग्रंथात जेरोलामो कार्दानोने दहाचे असे दोन भाग करायला सांगितले, की त्यांचा गुणाकार चाळीस यावा. मध्य पाच, वर्ग पंचवीस, त्यातून चाळीस गेले की उणे पंधरा. कार्दानोने उणे पंधराचे वर्गमूळ तसेच कागदावर ठेवले, पाचात एकदा मिळवले, एकदा वजा केले, दोघांचा गुणाकार करून दाखवला आणि तो चाळीसच आला. वर हे सगळे सूक्ष्म आहे तितकेच निरुपयोगी आहे असा शेराही मारला. त्याच १५४५ मध्ये कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ लीलावतीवरची ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहीत होते. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. ज्याला कार्दानोने निरुपयोगी म्हटले, त्या संख्यांवाचून आज विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा हिशेब होत नाही.

भास्कराचार्यांची खरी शान मात्र वानरांच्या गणितांत दिसते. बीजगणितातले पहिले असे: कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग एवढी वानरे रानात खेळताहेत आणि उरलेली बारा टेकडीवर चीत्कार करताहेत. कळप केवढा? हे मांडले की प्रश्न बेरीज-गुणाकाराचा होतो. वानरांची संख्या आणि ६४ मधून ती वजा करून उरलेली संख्या यांचा गुणाकार ७६८ यायला हवा. मध्य ३२, वर्ग १,०२४, त्यातून ७६८ गेले, २५६ उरले, वर्गमूळ १६. उत्तरे ४८ आणि १६. दोन्ही चालतात. अठ्ठेचाळीसचा आठवा हिस्सा सहा, वर्ग छत्तीस, अधिक बारा. सोळाचा आठवा हिस्सा दोन, वर्ग चार, अधिक बारा. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे दिली.

लगेच दुसरा कळप येतो. पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली; एक फांदीवर दिसते आहे. इथे बेरीज ५५, गुणाकार २५०. मध्य साडेसत्तावीस, अंतर साडेबावीस, उत्तरे ५० आणि ५. आकड्यांचा पडताळा दोन्हींचा जुळतो. पण पाच वानरांचा पाचवा हिस्सा एक, आणि एकातून तीन वजा करायचे म्हणजे उणे दोन वानरे. भास्कराचार्यांनी हे उत्तर बाजूला ठेवले, कारण लोकांना असली ऋण वस्तू पटत नाही. सूत्राने दोन उत्तरे दिली म्हणून दोन्ही लिहून मोकळे व्हायचे नाही, प्रश्नाकडे परत जाऊन विचारायचे. आजच्या उत्तरपत्रिकांत हे फारसे दिसत नाही.

या जुन्या गणिताचा सर्वांत महागडा उपयोग आता आला आहे. १ आणि ती संख्या स्वतः यांचा अपवाद सोडून २,४९१ ला कोणत्या संख्येने भाग जातो, हे तोंडी सांगून पाहा, असे कुणी म्हटले तर बहुतेक जण हात टेकतील. पण दोन अवयवांची बेरीज १०० आहे एवढे कळू द्या: मध्य ५०, वर्ग २,५००, तूट ९, अंतर ३, आणि अवयव ५३ व ४७. नुसता गुणाकार माहीत असणे आणि सोबत बेरीजही माहीत असणे, यात एवढे अंतर आहे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ मध्ये मांडलेली गुप्तलेखनाची पद्धत या अंतरावर उभी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर असतो. त्यांची बेरीज गुप्त असते. बेरीज फुटली की वर्गमूळ काढण्याइतकेच काम उरते आणि कुलूप उघडते. बेरीज नसेल तर अवयव शोधत बसावे लागते. या पद्धतीच्या आव्हानांतली २५० अंकी संख्या फोडायला २०२० साल उजाडावे लागले, तेही असंख्य संगणक जुंपून. प्रत्यक्ष वापरात त्याच्या दुपटीहून मोठ्या, सहाशेवर अंकांच्या संख्या असतात.

आपल्या दहावीच्या पुस्तकात वर्गसमीकरणे सोडवायला अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र असा क्रम असतो. क्लासमध्ये मुले अवयवांवर महिनोन्‌महिने घासली जातात: गुणाकार अमुक, बेरीज तमुक, शोध जोडी. जोडी सापडली नाही की सूत्र, आणि सूत्र विसरले की प्रश्न सोडून द्यायचा. २०१९ च्या अखेरीस कार्नेगी मेलन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक पो-शेन लो यांनी मध्यापासून मोजण्याची हीच रीत शाळांसाठी मांडली आणि जगभर तिचा गाजावाजा झाला. तिचे मूळ जुने आहे हे त्यांनीही सांगितले होते. मराठी शाळांनी ही रीत आधी आणि अवयव नंतर शिकवावेत. बाबिलोनच्या लेखनिकाला जे मातीवर जमले ते धाराशिव जिल्ह्यातल्या मुलाला वहीवर जमायला हरकत नाही.

करून पाहायला एक रान: कुंपण ६८ साखळ्या, क्षेत्र ७ एकर ५ गुंठे. लांबी-रुंदी काढा. उत्तर पूर्णांकात येते, कागद न घेताही निघते.